मामा, हे आता कोणी खेळत नाही!

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात बँकेत नोकरीला. शाळा-कॉलेजात बुद्धिबळ भरपूर खेळले, विद्यापीठाच्या संघातही होते. पुढे नोकरी-संसारात पट माळ्यावर गेला. आता वीस-बावीस वर्षांनी पुन्हा रेटिंग स्पर्धा खेळायला लागले आहेत आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांकडून हरत आहेत. काळ्या मोहऱ्यांनी त्यांचा किंग्ज इंडियन (डाव सुरू करायची एक ठरावीक पद्धत, म्हणजे ओपनिंग) ठरलेला. पण समोरचं पोरगं तिसऱ्या चालीलाच हत्तीपुढचं प्यादं दोन घरं ढकलतं आणि यांना पुढचं सुचेनासं होतं. बहिणीचा मुलगा मोबाइलवरच्या गेमच्या स्पर्धा खेळतो. तो म्हणतो, “मामा, हे आता कोणी खेळत नाही. तुमचा मेटा जुना झाला. आमच्याकडे दर अपडेटला सगळं बदलतं, तसंच आहे हे.” मेटा म्हणजे त्या घडीला जिंकून देणारी, म्हणून सगळेच धरतात ती पद्धत. पत्रलेखक विचारतात, ज्या खेळाचे नियम शेकडो वर्षं तेच आहेत त्यात असं काही असतं का? असेल तर या वयात सगळं नव्याने शिकायचं, की पट परत माळ्यावर टाकायचा? सोबत त्यांनी अलीकडे हरलेल्या एका डावाची स्कोअरशीट, म्हणजे चालींच्या नोंदीचा कागद, पाठवली आहे. आणि ता.क. – पांढऱ्याने लंडन सिस्टिम ही ओपनिंग घेऊ का?

नमस्कार.

पट माळ्यावर टाकू नका, एवढं आधी सांगते. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ‘जुनं, पारखलेलं’ बुद्धिबळ शिकलात आणि आता ही फॅशन आली. तिथे मी जरा थबकले. तुम्ही किंग्ज इंडियन उचललात तो शाळेत असताना, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह काळ्याने तोच खेळत होता आणि त्याचं बघून जगभरची पोरं तोच खेळत होती. तुम्ही त्यांतलेच एक. त्या वेळी ज्याची चलती होती तेच तुम्ही घेतलं, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी या ओपनिंगकडे लोक संशयाने बघत. पांढऱ्याला मधली सगळी जागा आंदण द्यायची आणि मग ती फोडत बसायचं, हे शहाण्याचं काम नाही असा समज होता. ब्रॉनस्टाइन आणि बोलेस्लाव्हस्की या सोव्हिएत खेळाडूंनी १९४० च्या दशकात तो समज मोडला. फिशर आणि कास्पारोव्हने त्याला मोठं केलं. आणि रशियाच्या क्रॅमनिककडून काही डाव गमावल्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीला खुद्द कास्पारोव्हनेच तो बाजूला ठेवला. म्हणजे तुम्ही नोकरीला लागलात तेव्हाच तुमची ओपनिंग ‘जुनी’ झाली होती. पट माळ्यावर होता म्हणून तुम्हाला पत्ता नव्हता, इतकंच.

तेव्हा भाच्याचं अर्धं बरोबर आहे. बुद्धिबळात लाटा येतात, आणि त्या फार पूर्वीपासून येतात. १८५१ मध्ये लंडनला अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही देऊन मात केली. तो डाव आजही ‘अमर डाव’ म्हणून शिकवतात. तेव्हा खेळायची रीतच ती होती. समोरच्याने देऊ केलेलं मोहरं न घेणं म्हणजे पळपुटेपणा. मग स्टाइनिट्झ आला. तो १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: प्यादं घ्या, हल्ला सोसा, आणि एंडिंगला, म्हणजे मोजकी मोहरी उरतात त्या शेवटच्या टप्प्यात, त्याच प्याद्यावर जिंका. १९२० च्या दशकात निम्झोविच, रेटी वगैरे मंडळींनी आणखी वेगळं काढलं, की मध्यावर प्यादी न बसवता त्यावर दुरून नजर ठेवली तरी चालतं. रेटीने १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत याच विचाराने कापाब्लांकाला हरवलं. कापाब्लांका त्याआधी आठ वर्षं एकही डाव हरला नव्हता. आणि तीनच वर्षांनी, १९२७ मध्ये, ब्वेनोस आयरेसला आलेखाइन आणि कापाब्लांका जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यांतले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या एकाच ओपनिंगचे! भाच्याला हा आकडा जरूर सांगा. त्याच्या गेमच्या स्पर्धेत ३४ पैकी ३२ सामन्यांत दोन्ही बाजूंनी तेच डावपेच निघाले, तर तो काय म्हणेल?

उरलेलं अर्धं मात्र चुकीचं आहे, आणि तुम्हाला उपयोगी पडणारं तेच आहे. त्याच्या गेममध्ये बदल वरून येतो. कंपनी एखाद्या बंदुकीचा जोर कमी करते, आणि कालपर्यंत जिंकून देणारी पद्धत सकाळी उठल्यावर खरोखरच निकामी झालेली असते. कबड्डीतही ‘डू ऑर डाय’ चढाई आल्यावर रिकाम्या चढाया करत वेळ काढणं संपलं, कारण नियमच तसा झाला. बुद्धिबळात असं ‘अपडेट’ पंधराव्या शतकात स्पेनकडे आलं. तोवर तिरकं एक घर सरकणारा वजीर तेव्हा एकदम आजच्यासारखा जबरदस्त झाला. (आपल्याकडे ते पोचायला वेळ लागला. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी महेशचंद्र बंदोपाध्याय विलायती नियमांनी खेळत, पण मोहरी मांडत ती अशीच, सावकाश, उंट लांब कर्णावर ठेवून. तुमच्या किंग्ज इंडियनची नाळ तिथे जाते.) त्यानंतर तुमच्या ओपनिंगचा जोर कुणी कमी केलेला नाही. पट तोच, चाली त्याच. १९९३ ला जी चाल चांगली होती ती आजही तेवढीच चांगली आहे. बदललं ते समोरच्याला काय ठाऊक आहे, एवढंच.

बदल येतो कसा ते बर्लिनवरून बघा. २००० साली लंडनला क्रॅमनिकने कास्पारोव्हच्या राजाच्या प्याद्याला बर्लिन बचावाने उत्तर दिलं. एकोणिसाव्या शतकातली, धूळ खात पडलेली पद्धत. आठव्या चालीपर्यंत वजीर पटाबाहेर, काळ्याचा किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल करून राजा सुरक्षित करणं) गेला, प्यादी दुहेरी झाली, आणि तरी पांढऱ्याला काही मिळत नाही. पंधरा डावांत कास्पारोव्हला एकही जिंकता आला नाही आणि जगज्जेतेपद गेलं. मग जो तो बर्लिन खेळायला लागला. २०१३ मध्ये चेन्नईला आनंदसमोर कार्लसननेही तोच काढला. बर्लिन फुटेना, तेव्हा पांढऱ्याने रस्ताच बदलला आणि इटालियन पुन्हा बाहेर काढलं. ग्रेकोच्या चारशे वर्षांपूर्वीच्या वह्यांत आहे ते इटालियन. म्हणजे आधीचं टाकाऊ आणि आताचं बरोबर, असा हा सरळ रस्ता नाही. गोष्टी फिरून येतात. आणि अगदी वरच्या पातळीवर ओपनिंग सोडून देतात ती बहुतेकदा वाईट ठरली म्हणून नव्हे, तर समोरच्याने घरी बसून तिची पंचवीस चालींपर्यंत तयारी केलेली असते म्हणून. २०२३ च्या अस्तानातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या डावात चीनच्या डिंग लिरेनने चौथ्या चालीला एच३ केलं, म्हणजे कडेच्या एच या उभ्या ओळीतलं प्यादं एक घर पुढे केलं. सगळे चकित झाले. आणि डिंग तो डाव हरला.

आता तुम्हाला छळणारं ते हत्तीपुढचं प्यादं. एच४. हे काही या पोरांनी शोधलेलं नाही. किंग्ज गॅम्बिटमध्ये चौथ्या चालीला एच४ हे एकोणिसाव्या शतकात नेहमीचं होतं, आणि डेन्मार्कचा लार्सन कडेची प्यादी पळवण्यासाठीच प्रसिद्ध होता. नव्याने जोर आला तो डिसेंबर २०१७ पासून. अल्फाझीरो नावाच्या संगणक-प्रोग्रॅमला फक्त नियम सांगितले होते. तो स्वतःशीच खेळून शिकला आणि स्टॉकफिश या तेव्हाच्या बलाढ्य इंजिनाशी (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमशी) १०० डाव खेळला: २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हरला एकही नाही. त्या डावांत तो एचचं प्यादं सहाव्या घरापर्यंत रेटून काळ्या राजाचा श्वास कोंडताना दिसला. कार्लसनसकट सगळ्यांनी त्यातून उचललं. कार्लसनने तर ते उघड मान्य केलं. तिथून ते पुस्तकांत, तिथून व्हिडिओंत, तिथून क्लासमध्ये, आणि क्लासमधून शनिवारी सकाळी साडेनऊला तुमच्या पटावर. एवढ्या हातांतून येताना त्यातलं ‘का’ बरंच गळून जातं. समोरच्या मुलाला चाल माहीत असते. तुम्ही तयार नसाल तर काय करायचं हेही माहीत असतं. तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत तर पुढे काय, हे त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं.

आणि मुख्य म्हणजे, तुम्ही त्या चालीने हरला आहात का? तुमची स्कोअरशीट मी दोनदा खेळून पाहिली. मुलाने तिसऱ्याला एच४ केलं, तुम्ही एच५ करून ते अडवलंत. काही बिघडलं नाही. अठराव्या चालीला डाव सरळ बरोबरीचा आहे. तिसाव्याला तुमच्याकडे हत्तीच्या एंडिंगमध्ये एक प्यादं जास्त आहे! मग तुम्ही हत्ती त्या मोकळ्या प्याद्याच्या पुढे ठेवलात, मागे नाही. प्यादं पुढे सरकलं की हत्तीचीच जागा कमी होत गेली, मुलाचा राजा चालत मध्यावर आला, आणि चाळिसाव्याच्या आसपास तुमची दोन प्यादी पाठोपाठ पडली. चालींच्या शेजारी तुम्ही घड्याळाची वेळ लिहिता, ही सवय फार चांगली. त्यावरूनच दिसलं, की पहिल्या चौदा चालींना तुम्ही ५२ मिनिटं घेतली आहेत. एच४ बघून तुम्ही घाबरलात आणि अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच संपवलात. एंडिंगला आलात तेव्हा हातात होती ती दर चालीला वाढून मिळणारी ३० सेकंदं. डाव तिथे गेला.

तुमच्या खेळण्याच्या काळापासून खरा बदल इथे झालाय. तेव्हा काट्याचं घड्याळ, लाल फ्लॅग, डाव लांबला की चाल पाकिटात बंद करून घरी जायचं, रात्री मित्रांबरोबर पट मांडून बसायचं. आता डाव एका बैठकीत संपतो. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद ही सध्या सर्रास दिसणारी वेळ आहे. रात्रीचे मित्र गेले, एंडिंग स्वतःच्या डोक्यानेच आणि घाईत खेळायची. जगज्जेतेपदही याच चटक्यातून जातं. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेशविरुद्ध तिसऱ्या डावात डिंगची वेळच संपली. आणि अखेरच्या, चौदाव्या डावात ५५ व्या चालीला त्याने हत्तीची मारामारी देऊ केली. हत्ती गेल्यावर गुकेशने उंट मध्यावर आणून कोपऱ्यात अडकलेल्या डिंगच्या उंटाशी अदलाबदल करायला भाग पाडलं. उरलं फक्त राजा-प्याद्यांचं एंडिंग, एक प्यादं कमी. संपलं. दोन्ही बाजूंना कित्येक महिन्यांची ओपनिंगची तयारी होती, आणि निकाल लागला क्लासमध्ये दुसऱ्या वर्षी शिकवतात त्या गोष्टीवर. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला तोही बटुमीला, कोनेरू हंपीविरुद्ध, जलद डावांत.

मुलांकडून हरल्याची लाज तुमच्या पत्रात दिसते, म्हणून आणखी एक. तुमच्या कॉलेजच्या काळी साधारण २००० च्या खाली फिडेचं (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंगच मिळत नसे. आज ते १४०० पासून असतं. वाढत्या वयाच्या मुलाचा आकडा त्याच्या खेळाच्या मागे रेंगाळतो. कागदावर १४५० असलेलं पोर प्रत्यक्षात तुमच्या जुन्या विद्यापीठ संघात सहज बसलं असतं.

मग करायचं काय? सगळं सोडून नवं शिकणं हा एक मार्ग आहे. निम्झो-इंडियन घ्या, क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड घ्या, दोन्ही भक्कम आहेत. पण नोकरी सांभाळून त्यात वर्ष जाईल, आणि एंडिंग तिथेच राहील. काहीच न बदलणं हाही मार्ग, पण मग दर पंधरवड्याला एच४ बघून पोटात गोळा येणार. मी तुमच्या जागी असते तर डागडुजी केली असती. इंजिन किंग्ज इंडियनकडे नाक मुरडतं हे खरं, पांढऱ्याला चांगलं वरचढ दाखवतं. पण ते वरचढपण जिंकण्यात बदलायला क्रॅमनिक लागतो. तुमच्या पटापलीकडे सातवी-आठवीतलं मूल आहे.

डागडुजी दोन जागी हवी. पहिली, तिसऱ्या चालीचं एच४. त्याला घाईने किल्लेकोट करू नका. राजा तिथे गेला की एच५ करून फाइल (उभी ओळ) उघडायची, हाच त्याचा बेत असतो. एच५ ने अडवणं चालतं, पण जी५ चं घर कायमचं हलकं होतं. मला स्वतःला लगेच सी५ आवडतं. पांढऱ्याने डी५ केलं की बी५, एक प्यादं देऊन वजिराच्या बाजूला भांडण उकरून काढायचं. डाव तिकडे पेटला की एच४ ही पांढऱ्याची वाया गेलेली चाल ठरते. दुसरी जागा क्रॅमनिकने कास्पारोव्हला दाखवली ती. दोघांचे किल्लेकोट झाले, पांढऱ्याने डी५ ने घोडा ई७ ला हाकलला, आणि नवव्या चालीला बी४. तुम्ही एफ५-एफ४-जी५ करत राजावर चालून जाण्याआधीच त्याचं सी५ येऊन धडकतं. इथे घोडा एच५ ला नेऊन एफ४ च्या घराकडे बघायचं, हे रुळलेलं उत्तर. या दोन फांद्या नीट करा, बाकी तुमचं जुनं ज्ञान आहे तसं चालेल.

तुमच्या पातळीवर नक्की काय खेळलं जातं हे भाच्याला विचारू नका, स्वतः बघा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर फुकट ओपनिंग एक्स्प्लोरर आहे. त्यात खेळाडूंचं रेटिंग निवडून कोणती चाल किती वेळा खेळली गेली ते दिसतं. तिथले आकडे फिडेपेक्षा फुगलेले असतात, म्हणून स्वतःच्या एक पायरी वरचा गट निवडा. वरच्यांची लाट तुमच्यापर्यंत किती पातळ होऊन पोचते ते दिसेल.

घड्याळासाठी एक नियम घालून घ्या: पहिल्या बारा चालींना वीस मिनिटांच्या वर नाही. आठवत नसेल तर साधी चाल करा, उंट-घोडे बाहेर काढा, पुढे चला. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त हत्तीची एंडिंग. शेवटच्या आठ-दहा हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट काढा, इंजिन न लावता प्रत्येकात डाव पहिल्यांदा कुठे घसरला तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक खुणा पंधराव्या चालीच्या आत पडल्या, तर माझं चुकलं, भाचा बरोबर, ओपनिंग बदला. पंचविसाव्या पुढे पडल्या तर पैसे एंडिंगच्या पुस्तकावर घाला.

याच विषयावर पालकांचीही पत्रं येतात, त्यांनाही इथेच सांगते. बारा वर्षांच्या मुलासाठी दर सहा महिन्यांनी ‘नव्या थिअरी’चा कोर्स विकत घ्या असं कुणी सांगत असेल, तर त्याला मुलाच्या हरलेल्या तीन स्कोअरशीट दाखवा आणि विचारा, यातला कोणता डाव या कोर्समुळे वाचला असता?

भाच्याशी मात्र वाद घालू नका. त्याला पटावर बसवा. मोबाइलवरची पोरं नवी गोष्ट पटकन उचलतात आणि नकोशी झाली की तितक्याच पटकन सोडतात, ही सवय तुम्हाला त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. बदल्यात त्याला हत्ती प्याद्याच्या मागे का ठेवायचा ते शिकवा. शिकवताना तुमचंही पक्कं होईल.

राहिलं लंडन. डी४, उंट एफ४ वर, ई३, सी३, आणि समोरचा काहीही करो, मांडणी तीच. हिणवण्यासारखं नाही. २०२३ च्या त्याच लढतीत डिंगने सहावा डाव लंडननेच जिंकला. पण तुम्ही पांढऱ्याने इतकी वर्षं क्वीन्स गॅम्बिट खेळत आलात आणि तो सोडावा असं कारण तुमच्या पत्रात मला सापडलं नाही. शुक्रवारी बँकेत रात्रीचे आठ वाजले आणि शनिवारी सकाळी डोकं चालत नाही, अशा फेरीपुरतं लंडन हाताशी असू द्या. भाच्याला येत असेलच. एका संध्याकाळी शिकून होईल.